जँगो सुरू होताना सेटिंग्ज कधी, कुठून आणि किती वेळा वाचल्या जातात

जँगोमध्ये, म्हणजे पायथनच्या वेबसाइट-फ्रेमवर्कमध्ये, बांधलेली साइट लॅपटॉपवर सुरळीत चालते, सर्व्हरवर टाकली की प्रत्येक पानाला ४०० (‘चुकीची रिक्वेस्ट’) ही एरर येते. एन्व्ह फाईलमध्ये (जिथे पासवर्डसारख्या किमती कोडबाहेर ठेवतात) पासवर्ड बदलला, सर्व्हिस रीलोड केली, तरी जुनाच पासवर्ड वापरला जातोय. सर्व्हरवर मायग्रेशन (डेटाबेसची टेबलं बनवणारी पायरी) ‘ओके’ म्हणतं आणि डेटाबेस उघडून पाहिला तर टेबलच नाही. या तिन्ही तक्रारींत जँगोचं काही बिघडलेलं नसतं. सेटिंग्जची फाईल ही नुसती नावं-किमतींची यादी आहे असं आपण धरून चालतो, तिथे घोळ होतो. ती फाईल म्हणजे पायथनचा कोड आहे. प्रत्येक प्रोसेसमध्ये तो एकदाच चालतो, आणि एकदा चालला की त्या प्रोसेसपुरता विषय संपतो. त्यामुळे कोणतीही गडबड शोधताना तीनच प्रश्न विचारायचे: कोणत्या प्रोसेसने वाचलं, कोणती फाईल वाचली, आणि नेमकं कधी.

खालचं वर्णन जँगो ४.२ आणि ५ या मालिकांना लागू आहे. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; फाईलमध्ये ती रोमन अक्षरांतच असतात, आणि सेटिंगचं नाव असेल तर सगळी मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत).

## सुरुवात कुठून होते

जँगोला सेटिंग्जच्या फाईलचा पत्ता एकाच ठिकाणाहून कळतो: जँगो_सेटिंग्ज_मॉड्यूल हा एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल (ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसला देते ती नाव-किमतीची जोडी). त्यात फाईलचा पाथ नसतो, तर पायथन इम्पोर्ट करतं त्या पद्धतीचं टिंब देऊन लिहिलेलं मॉड्यूलचं नाव असतं, उदाहरणार्थ ‘दुकान.सेटिंग्ज’. शेवटी ‘.पीवाय’ लावलं तर इम्पोर्ट फसतो.

हा व्हेरिएबल तुम्ही स्वतः दिला नाही तर प्रोजेक्टमधल्या तीन फाईलींपैकी एखादी तो भरते: कमांडसाठी मॅनेज.पीवाय, नेहमीच्या वेब सर्व्हरसाठी डब्ल्यूएसजीआय.पीवाय आणि असिंक सर्व्हरसाठी एएसजीआय.पीवाय. तिघींतही ओएस.एन्व्हिरॉन.सेटडिफॉल्ट अशी ओळ असते. यातल्या ‘डिफॉल्ट’ शब्दाकडे नीट बघा. व्हेरिएबल आधीपासून असेल तर ही ओळ काहीच करत नाही. म्हणजे कालच्या दुसऱ्या प्रोजेक्टसाठी टर्मिनलमध्ये तो एक्स्पोर्ट करून ठेवला असेल, तर आजच्या प्रोजेक्टची मॅनेज.पीवाय निमूटपणे कालच्याच सेटिंग्ज शोधायला जाते. नशीब चांगलं असेल तर ‘असं मॉड्यूल नाही’ ही एरर येते. दोन्ही प्रोजेक्टांत ‘कॉन्फिग.सेटिंग्ज’ हेच नाव असेल तर एररही येत नाही आणि कामही बिघडत नाही, पण सवय वाईट लागते.

कमांडला --सेटिंग्ज हा पर्याय देता येतो. तो मात्र व्हेरिएबलवर मात करतो. म्हणजे प्राधान्याचा क्रम असा: आधी कमांडचा पर्याय, मग आधीपासून असलेला व्हेरिएबल, आणि शेवटी सेटडिफॉल्टमधलं नाव.

सेलरी (मागच्या मागे कामं उरकणारी लायब्ररी) वापरत असाल तर सेलरी.पीवायमध्येही हीच ओळ लिहावी लागते. चौथी जागा म्हणून ती हमखास विसरली जाते: बाकी तीन फाईलींत नाव बदललं, सेलरीत जुनंच राहिलं, आणि मग ईमेल पाठवणारा वर्कर डेव्हलपमेंटच्या सेटिंग्ज घेऊन बसला, असं चित्र दिसतं.

## लोड होताना आत काय घडतं

जँगो.कॉन्फमधून आपण जी ‘सेटिंग्ज’ वस्तू इम्पोर्ट करतो, ती इम्पोर्टच्या वेळी रिकामी असते. तिचं वर्गनाव लेझीसेटिंग्ज, आणि ते अगदी सार्थ आहे. कोणीतरी पहिल्यांदा एखादी सेटिंग मागेपर्यंत ती जागची हलत नाही. पहिली मागणी आली की पुढच्या गोष्टी याच क्रमाने होतात:

१. जँगोच्या स्वतःच्या ग्लोबल_सेटिंग्ज फाईलमधल्या सगळ्या डिफॉल्ट किमती भरल्या जातात.

२. जँगो_सेटिंग्ज_मॉड्यूलमधलं नाव वाचून ते मॉड्यूल इम्पोर्ट होतं. तुमची फाईल वरून खाली चालते ती इथे.

३. त्या मॉड्यूलमधली फक्त मोठ्या लिपीतली नावं उचलून डिफॉल्टवर चढवली जातात.

४. अलाउड_होस्ट्स, इन्स्टॉल्ड_ॲप्स, टेम्प्लेट_डर्स, लोकेल_पाथ्स आणि सीक्रेट_की_फॉलबॅक्स या लिस्ट किंवा टपल आहेत ना, एवढं तपासलं जातं.

५. टाइम_झोनची किंमत प्रोसेसच्या टीझेड व्हेरिएबलमध्ये टाकली जाते.

तिसरी पायरी दिसते साधी, पण सर्वांत जास्त माणसं तिथेच अडखळतात. नावात एक जरी अक्षर छोट्या लिपीत असेल तर ती ओळ जँगोच्या लेखी अस्तित्वातच नाही. नावात स्पेलिंगची चूक असेल तर तीही एरर नाही: अलाउड_होस्ट्सऐवजी (साइट ज्या डोमेनांना उत्तर देते त्यांची यादी) अलाउड_होस्ट लिहिलंत, तर तुम्ही स्वतःची एक नवी सेटिंग तयार केली असं जँगो समजतं आणि खरी सेटिंग रिकामीच राहते.

याच पायरीतली दुसरी खोच: किमती ‘चढवल्या’ जातात म्हणजे पूर्ण बदलल्या जातात, एकमेकींत मिसळल्या जात नाहीत. ४.२ मध्ये आलेली स्टोरेजेस ही डिक्शनरी याचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. अपलोडच्या फाईली क्लाउडवर ठेवायच्या म्हणून माणूस स्टोरेजेसमध्ये फक्त ‘डिफॉल्ट’ ही किल्ली लिहितो. जँगोच्या मूळ डिक्शनरीत ‘स्टॅटिकफाइल्स’ नावाचीही एक किल्ली होती, ती या बदलात उडते. मग स्टॅटिक फाईल मागितली की ‘स्टॅटिकफाइल्स’साठी कॉन्फिग सापडलं नाही अशी एरर येते, आणि माणूस स्टॅटिक_रूट तपासत बसतो. उपाय एकच, दोन्ही किल्ल्या लिहायच्या.

चौथ्या पायरीची तपासणी फक्त त्या पाच नावांपुरती आहे. बाकीच्या सेटिंगच्या शेवटी चुकून स्वल्पविराम पडला तर तिचं टपल होतं आणि कोणी हाक मारत नाही. पान_आकार बरोबर २० आणि त्यापुढे स्वल्पविराम, एवढ्याने पेजिनेशनमध्ये भलत्याच ठिकाणी टाइपएरर येतो.

टाइम_झोनबद्दल एक गंमत. स्टार्टप्रोजेक्टने बनवलेल्या फाईलमध्ये ‘यूटीसी’ असतं, म्हणून ती ओळ काढून टाकली तरी यूटीसीच राहील असं वाटतं. तसं नाही. ग्लोबल_सेटिंग्जमधलं डिफॉल्ट ‘अमेरिका/शिकागो’ आहे. जँगोचा जन्म कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला आणि तिथलं घड्याळ शिकागोचं. ती खूण अजून टिकून आहे. आपल्याकडे ‘एशिया/कोलकाता’ लिहायचं. झोनचं नाव चुकलं तर लोड होतानाच एरर येते, पण ती तपासणी मशीनवर टाइमझोनचा डेटा असेल तरच होते. छोट्या डॉकर इमेजमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं सगळं बांधलेल्या गठ्ठ्यात) तो डेटा बहुधा नसतो, मग चुकीचं नावही या टप्प्यावर बिनबोभाट पुढे सरकतं. भाषेसाठी लँग्वेज_कोड ‘एमआर’ दिला की जँगोचं स्वतःचं मराठी भाषांतर वापरलं जातं.

सीक्रेट_की (सेशनसारख्या गोष्टींवर सही करायची गुप्त किल्ली) रिकामी असेल तर? ३.२ पूर्वी लोड होतानाच एरर यायची. ३.२ पासून ती किल्ली पहिल्यांदा वापरली जाईल तेव्हाच तपासली जाते.

## सेटिंग्ज वाचून झाल्यावर

सेटिंग्ज हाती आल्या की जँगो.सेटअप चालतं. आधी लॉगिंग बसवलं जातं, मग इन्स्टॉल्ड_ॲप्समधली ॲप्स तीन फेऱ्यांत भरली जातात. पहिल्या फेरीत प्रत्येक ॲपचं पॅकेज आणि त्याचा ॲपकॉन्फिग, दुसऱ्या फेरीत सगळ्यांची मॉडेल्स, तिसऱ्या फेरीत प्रत्येकाची रेडी ही मेथड. क्रम यादीतलाच.

‘ॲप्स अजून लोड झालेली नाहीत’ ही प्रसिद्ध एरर म्हणजे पहिली फेरी सुरू असताना कोणीतरी दुसऱ्या फेरीतली वस्तू मागितली. बहुतेक वेळा एखाद्या ॲपच्या इनिट फाईलमध्ये, ॲप्स.पीवायच्या माथ्यावर किंवा थेट सेटिंग्जच्या फाईलमध्ये मॉडेल इम्पोर्ट केलेलं असतं. तो इम्पोर्ट रेडीच्या आत हलवला की प्रश्न मिटतो. रेडीमध्ये डेटाबेसला प्रश्न विचारू नका: रेडी ही मायग्रेटसकट जवळपास प्रत्येक कमांडला चालते, आणि नव्या डेटाबेसवर मायग्रेट करताना टेबल अजून तयारच नसतं.

सेटिंग्जच्या फाईलमधून जँगो.कॉन्फची सेटिंग्ज वस्तू वापरणं हा आणखी वाईट प्रकार. फाईल अर्धी चाललेली असताना तिच्याचकडे किंमत मागितली जाते; वरच्या ओळी दिसतात, खालच्या दिसत नाहीत, आणि खालच्या सेटिंगला जँगोचं डिफॉल्ट असेल तर तेच गपचूप हाती येतं. भाषांतराच्या स्ट्रिंगसाठी गेटटेक्स्ट_लेझी आणि यूआरएलसाठी रिव्हर्स_लेझी वापरायचं कारण हेच.

लॉगिंगमध्ये एक जुना सापळा आहे. आधी जँगोचं स्वतःचं लॉगिंग बसतं, त्यावर तुमचं. तुमच्या डिक्शनरीत डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स ही किल्ली लिहिली नाही तर पायथन ती ‘ट्रू’ धरतं आणि त्याआधी तयार झालेले लॉगर मुके होतात. तिथे ‘फॉल्स’ लिहा.

## कोणती चूक कधी तोंड वर काढते

‘सर्व्हर सुरू झाला म्हणजे सेटिंग्ज बरोबर आहेत’ हा समज मोडून काढायला हवा. गनिकॉर्नसारख्या (पायथनच्या साइट चालवणाऱ्या) सर्व्हरखाली सुरू होताना सेटिंग्जची फाईल, ॲप्स आणि मिडलवेअरची (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यांतून जाते त्या टप्प्यांची) साखळी एवढंच खरोखर लोड होतं. यातलं काही चुकलं तर प्रोसेस उभीच राहत नाही, आणि हे उत्तमच. डेटाबेसचं कनेक्शन मात्र पहिल्या क्वेरीपर्यंत उघडत नाही. रूट_यूआरएलकॉन्फ (कोणत्या पत्त्याला कोणतं पान, याची यादी) पहिल्या रिक्वेस्टला वाचलं जातं. टेम्प्लेट्समधली चूक पहिलं पान रंगवताना कळते. म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड चुकलेला असूनही सर्व्हिस हिरवी दिसते आणि पहिल्या ग्राहकाला ५०० मिळतो.

रनसर्व्हर, म्हणजे डेव्हलपमेंटसाठी जँगोसोबत येणारा सर्व्हर, यापेक्षा कडक आहे. तो सिस्टम चेक चालवतो, यूआरएल वाचतो, मायग्रेशन बाकी आहेत का ते डेटाबेसला विचारतो. म्हणून लॅपटॉपवर जी चूक पाच सेकंदांत दिसते ती सर्व्हरवर लपून राहते. हे चेक वेब सर्व्हरखाली आपोआप चालत नाहीत, ते आपल्यालाच चालवावे लागतात. डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये, सर्व्हिस रीस्टार्ट करण्याआधी, मॅनेज.पीवाय चेक --डिप्लॉय --फेल-लेव्हल वॉर्निंग ही ओळ टाका. सीक्रेट_की ५० अक्षरांहून छोटी असेल किंवा स्टार्टप्रोजेक्टने दिलेल्या ‘जँगो-इनसिक्युअर-’ने सुरू होत असेल तर तो इथेच अडवतो. डेटाबेससाठी त्याच स्क्रिप्टमध्ये --डेटाबेस डिफॉल्ट हा पर्यायही जोडा.

## फाईल फोडण्याची रीत

डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शनसाठी वेगळ्या फाईली करताना हा क्रम पाळा.

१. ‘सेटिंग्ज’ नावाचा फोल्डर करा, त्यात इनिट फाईल, बेस.पीवाय, डेव्ह.पीवाय आणि प्रॉड.पीवाय. इनिट फाईल पूर्ण रिकामी ठेवा. ‘सेटिंग्ज.प्रॉड’ इम्पोर्ट करताना पायथन आधी इनिट चालवतं. तिथे कोणी सोयीसाठी डेव्हमधलं सगळं ओढून आणलं असेल तर प्रॉडक्शनवर डेव्हची फाईलही चालते.

२. जुनी सेटिंग्ज.पीवाय हलवा, कॉपी करू नका. एकाच नावाचा पॅकेज-फोल्डर आणि फाईल शेजारी असतील तर पायथन फोल्डर उचलतं. जुन्या फाईलमध्ये तासभर बदल करत बसायचं आणि काहीच का होत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, हा प्रसंग त्यामुळे टळतो.

३. बेस_डिरमध्ये आणखी एक ‘.पेरेंट’ जोडा, कारण फाईल एक पायरी खोल गेली. हे विसरलं की टेम्प्लेट सापडत नाहीत आणि एसक्यूलाइटची (एकाच फाईलमधल्या डेटाबेसची) नवी कोरी फाईल भलत्या फोल्डरमध्ये जन्माला येते.

४. मॅनेज.पीवायमध्ये डेव्ह, डब्ल्यूएसजीआय आणि एएसजीआयमध्ये प्रॉड असं सेटडिफॉल्ट करा. सेलरीत काय हवं ते ठरवून लिहा.

५. सर्व्हरवर ज्या युजरने कमांड चालतात त्याच्यासाठी जँगो_सेटिंग्ज_मॉड्यूल कायमचा एक्स्पोर्ट करा.

पाचवी पायरी गाळली की सुरुवातीची ती मायग्रेशनची तक्रार उभी राहते. गनिकॉर्न प्रॉडच्या सेटिंग्ज वापरतो, पण त्याच सर्व्हरवर हाताने दिलेली मायग्रेट कमांड मॅनेज.पीवायमधून जाते आणि डेव्हची फाईल उचलते. डेव्हमध्ये एसक्यूलाइट असेल तर सगळी मायग्रेशन्स एका नव्या एसक्यूलाइट फाईलवर यशस्वी होतात. प्रॉडच्या पोस्टग्रेस डेटाबेसला पत्ताच नाही. क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामांनाही तोच धोका. क्रॉन तुमच्या शेलच्या फाईली वाचत नाही, म्हणून तिथे व्हेरिएबल कमांडच्या पुढेच लिहायचा किंवा --सेटिंग्ज द्यायचं.

बेसमधून सगळं आयात करून वर बदल करण्याच्या पद्धतीत एक मर्यादा आहे, ती आधीच समजून घ्यावी. बेस आधी पूर्ण चालते. बेसमध्ये ‘डीबग (सविस्तर एरर-पान दाखवणारी सेटिंग) असेल तर अमुक’ अशी अट लिहिली असेल, तर ती बेसमधल्या डीबगवर ठरते. नंतर प्रॉडमध्ये डीबग बदललं तरी त्या अटीचा निकाल बदलत नाही. म्हणून बेसमध्ये अटी नकोत आणि एका सेटिंगवरून दुसरी काढणंही शक्यतो नको. अशा निघणाऱ्या किमती शेवटच्या फाईलमध्ये लिहाव्यात.

## एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल: सगळं काही स्ट्रिंग

ऑपरेटिंग सिस्टिमकडून येणारी प्रत्येक किंमत ही स्ट्रिंग असते. ‘फॉल्स’ हा शब्द बूलमध्ये घातला की उत्तर ट्रू येतं, कारण रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग पायथनच्या लेखी खरी. डीबग बंद केलं असं समजून उघडं ठेवलेलं असणं ही चूक याच एका ओळीतून होते. तुलना स्पष्ट करा: किंमत छोट्या लिपीत आणून ती ‘१’, ‘ट्रू’, ‘येस’ यांपैकी आहे का ते बघा. अंकासाठी इंट लावा.

यादीच्या बाबतीत स्वल्पविरामाने तोडणं पुरेसं नाही. दोन होस्टमध्ये स्वल्पविरामानंतर मोकळी जागा असेल तर दुसऱ्या नावाच्या पुढे ती चिकटते आणि त्या डोमेनला ४०० मिळतो. व्हेरिएबल रिकामा असेल तर आणखी मजा: रिकामी स्ट्रिंग तोडली की रिकामी लिस्ट मिळत नाही, एक रिकामी स्ट्रिंग असलेली लिस्ट मिळते. डीबग बंद असताना अलाउड_होस्ट्स रिकामी असेल तर रनसर्व्हर सुरू व्हायलाच नकार देतो, पण ही लिस्ट रिकामी नसल्यामुळे तो खुशाल सुरू होतो आणि प्रत्येक रिक्वेस्ट फेटाळतो. तोडल्यावर प्रत्येक तुकड्याच्या कडा छाटा आणि रिकामे तुकडे टाकून द्या.

डिफॉल्ट किंमत कशाला द्यायची आणि कशाला नाही, याबद्दल आमचं मत ठाम आहे. पानावर किती नोंदी, कॅशे किती सेकंद, अशा गोष्टींना डिफॉल्ट द्या. सीक्रेट_की आणि डेटाबेसचा पासवर्ड यांना प्रॉडच्या फाईलमध्ये डिफॉल्ट अजिबात नको, ओएस.एन्व्हिरॉनमध्ये चौकटी कंसाने मागा, म्हणजे व्हेरिएबल नसेल तर कीएरर येऊन प्रोसेस तिथेच थांबेल.

सीक्रेट_की नसेल तर सेटिंग्जमध्येच यादृच्छिक किल्ली तयार करायची, हा ‘हुशार’ उपाय सर्वांत घातक. गनिकॉर्नचे चार वर्कर असतील तर फाईल चार वेळा चालते आणि चार वेगळ्या किल्ल्या तयार होतात. युजर एका वर्करकडे लॉगिन करतो, पुढची रिक्वेस्ट दुसऱ्याकडे जाते, तिथे सेशनची पडताळणी जुळत नाही आणि तो बाहेर फेकला जातो. तेही कधी होतं, कधी होत नाही, त्यामुळे शोधायला दोन दिवस जातात. लॅपटॉपवर सगळ्या रिक्वेस्ट एकाच प्रोसेसकडे जातात, त्यामुळे तिथे वर्कर-वर्करमधली ही गफलत दिसत नाही. किल्ली बदलायचीच असेल तर ४.१ पासून सीक्रेट_की_फॉलबॅक्स आहे: नवी किल्ली सीक्रेट_कीमध्ये, जुनी या यादीत, आणि जुन्या सह्यांची मुदत संपली की जुनी काढून टाकायची.

डेटाबेसचा पूर्ण पत्ता एकाच यूआरएलमध्ये देत असाल तर पासवर्डमधली खास चिन्हं एन्कोड करा: ‘@’ ऐवजी %४०, ‘#’ ऐवजी %२३, अर्थात आकडे रोमन. शिवाय डीबगच्या एरर-पानावर जँगो ज्या किमती झाकतं त्या नावावरून ओळखतं. नावात की, सीक्रेट, पास, टोकन, एपीआय, सिग्नेचर असं काही असेल तर तारांकनं दिसतात. डेटाबेस_यूआरएल या नावात यातलं काहीच नाही, त्यामुळे ती किंमत त्याच नावाने सेटिंग बनवून ठेवली तर पासवर्डसकट छापली जाते. ती डेटाबेसेसमध्ये तोडून भरा आणि मूळ स्ट्रिंग मोठ्या लिपीतल्या नावात ठेवू नका.

## रनसर्व्हर आणि एन्व्ह फाईल

रनसर्व्हर एक नाही, दोन प्रोसेस चालवतो. पहिली पहारेकरी, दुसरी खरं काम करणारी. दुसरीला ओळख म्हणून रन_मेन हा व्हेरिएबल दिलेला असतो. दोघींतही सेटिंग्ज वाचल्या जातात, दोघींतही रेडी चालते. सेटिंग्जमधला प्रिंट दोनदा दिसतो तो यामुळे, त्यात काळजीचं काही नाही. --नोरीलोड दिलं की एकदाच दिसेल.

यातूनच एक चमत्कारिक गोष्ट घडते. एन्व्ह फाईल वाचणारी नेहमीची लायब्ररी, पायथन-डॉटएन्व्ह, आधीपासून असलेल्या व्हेरिएबलला हात लावत नाही. पहारेकरी प्रोसेस सुरू होताना एन्व्ह फाईल वाचते आणि किमती स्वतःच्या एनव्हायर्नमेंटमध्ये टाकते. कामकरी प्रोसेसला तेच एनव्हायर्नमेंट वारसाने मिळतं. आता तुम्ही एन्व्ह फाईल बदलली. रनसर्व्हर पायथनच्या फाईलींवर नजर ठेवतो, या फाईलवर नाही, म्हणून काहीच होत नाही. मग तुम्ही सेटिंग्जची फाईल नुसती सेव्ह केली. रीलोड झालं, नवी कामकरी प्रोसेस आली, पण तिला पहारेकऱ्याकडून जुन्या किमती आधीच मिळालेल्या. एन्व्ह फाईल पुन्हा वाचली तरी लायब्ररी त्या बदलत नाही. फक्त कंट्रोल-सी करून रनसर्व्हर नव्याने सुरू केला तरच नवी किंमत येते.

## गनिकॉर्न, सिस्टमडी, डॉकर

प्रीलोड पर्याय नसेल तर गनिकॉर्नचा प्रत्येक वर्कर सेटिंग्ज स्वतः लोड करतो. सेटिंग्जमधून एखाद्या सीक्रेट मॅनेजरला नेटवर्कवरून विचारत असाल तर तितक्या वेळा विचारणा होते. प्रीलोड दिला तर मास्टर (वर्करांना जन्म देणारी मुख्य प्रोसेस) एकदा लोड करतो आणि मग वर्कर फाटे फोडावेत तसे निघतात. पण मग एचयूपी (‘पुन्हा लोड कर’ हा) सिग्नल देऊन नवा कोड येत नाही, पूर्ण रीस्टार्ट लागतो.

प्रीलोड असो वा नसो, एनव्हायर्नमेंट हे मास्टर जन्मला तेव्हाचंच राहतं. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) एनव्हायर्नमेंटफाईलमध्ये पासवर्ड बदलून सिस्टमसीटीएल रीलोड केलं, तर मास्टरला एचयूपी मिळतो, वर्कर नवे येतात, किमती जुन्या. रीस्टार्ट करा. एनव्हायर्नमेंटफाईलमध्ये बदल केल्यावर डेमन-रीलोडची गरज नाही. ती युनिट फाईल बदलली तर लागते.

एनव्हायर्नमेंटफाईल म्हणजे शेल स्क्रिप्ट नव्हे. ओळीच्या सुरुवातीला ‘एक्स्पोर्ट’ लिहिलं तर ती ओळ वगळली जाते, आणि डॉलरचं चिन्ह उलगडलं जात नाही. युनिट फाईलमध्ये पाथच्या आधी वजाचं चिन्ह असेल तर फाईल नसली तरी सिस्टमडी कुरकुर करत नाही. प्रॉडक्शनला ते चिन्ह नको.

डॉकर रन --एन्व्ह-फाईल हा पर्याय अवतरणचिन्हं काढत नाही. पासवर्ड दुहेरी अवतरणात लिहिला तर अवतरणचिन्हं पासवर्डचाच भाग होतात. डॉकर कंपोज मात्र ती काढतो, त्यामुळे तीच फाईल एकीकडे चालते, दुसरीकडे नाही. आणि डॉकर रीस्टार्टने एन्व्ह फाईल पुन्हा वाचली जात नाही, कारण कंटेनर बनताना ठरलेलं एनव्हायर्नमेंट त्याच्या अंतापर्यंत तेच राहतं. कंटेनर नव्याने बनवावा लागतो.

इमेज बांधताना कलेक्टस्टॅटिक (स्टॅटिक फाईली एका जागी गोळा करणारी कमांड) चालवायचं तर सेटिंग्ज लोड व्हायलाच हव्यात, पण गुपितं त्या वेळी हाताशी नसतात, नसावीतही. चौकटी कंसाने मागितलेल्या किमती इथे कीएरर देतील. त्या एकाच रन ओळीपुरत्या खोट्या किमती कमांडच्या आधी लिहा. डॉकरफाईलच्या एन्व्ह सूचनेत लिहू नका, नाहीतर त्या इमेजमध्ये कायमच्या बसतात आणि प्रॉडक्शनला खरी किंमत द्यायची राहिली तर खोटी किल्ली घेऊन साइट सुरूही होते.

## आपल्या कोडमधून वाचताना

कोडमध्ये नेहमी जँगो.कॉन्फमधली सेटिंग्ज वस्तू घ्या, प्रोजेक्टची सेटिंग्ज फाईल थेट इम्पोर्ट करू नका. थेट घेतली तर जँगोची डिफॉल्ट मिळत नाहीत आणि टेस्टमधले बदलही दिसत नाहीत. फाईलच्या माथ्यावर किंवा फंक्शनच्या डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये सेटिंगची किंमत साठवली तर ती इम्पोर्टच्या क्षणी गोठते. ओव्हरराइड_सेटिंग्जने टेस्टमध्ये कितीही बदला, फंक्शन जुनीच वापरणार. किंमत फंक्शनच्या आत वाचा. टेस्ट चालताना डीबग नेहमी फॉल्स असतं, फाईलमध्ये काहीही लिहिलेलं असो, आणि ईमेलचा बॅकएंड मेमरीतला होतो. त्यामुळे या दोन सेटिंगवर अवलंबून टेस्ट लिहू नये.

## गडबड झाली की कशाकशाकडे बघायचं

आधी कोणती फाईल लोड झाली ते विचारा: मॅनेज.पीवाय शेलमध्ये सेटिंग्ज.सेटिंग्ज_मॉड्यूल छापून बघा. पण ते शेलच्या प्रोसेसचं उत्तर आहे, गनिकॉर्नचं नव्हे. चालू प्रोसेसला काय मिळालं ते लिनक्सवर /प्रॉक फोल्डरमध्ये त्या पीआयडीखालच्या (प्रोसेसच्या क्रमांकाखालच्या) ‘एन्व्हिरॉन’ फाईलमध्ये दिसतं. दोन किमतींच्या मध्ये शून्य-बाइट असतात, टीआर कमांडने त्या जागी नवी ओळ घाला. तिथे प्रोसेस सुरू होतानाचं एनव्हायर्नमेंट असतं. सेटडिफॉल्टने किंवा एन्व्ह फाईल वाचणाऱ्या लायब्ररीने नंतर टाकलेलं त्यात सापडणार नाही, तेव्हा तिथे नाव दिसलं नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

मग मॅनेज.पीवाय डिफसेटिंग्ज. डिफॉल्टपेक्षा वेगळ्या असलेल्या सगळ्या सेटिंग ही कमांड दाखवते, आणि जँगोला मुळात माहीत नसलेल्या नावांपुढे ‘###’ लावते. स्वतःच्या किंवा एखाद्या लायब्ररीच्या सेटिंगपुढे ही खूण असणारच. पण जँगोची म्हणून लिहिलेल्या नावापुढे ती दिसली तर स्पेलिंग चुकलं आहे. या यादीत सीक्रेट_की आणि पासवर्ड जसेच्या तसे छापले जातात, म्हणून ती टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी त्या ओळी काढा.